कानातला कारखाना

शाळेतल्या खिचडीची चव मुलांच्या आधी शिक्षकाने घ्यायची असते. मंगलाने पहिला घास तोंडात घातला आणि त्याच वेळी शांतीबाई पातेल्यावर झाकण सरकवत सहज म्हणाली, "मॅडम, काल आमना टीव्हीमा तुमना पाटील दिसनात."

घास गरम होता. तो गिळायचा की जिभेवर फिरवत राहायचा हे मंगलाला कळेना. शांतीबाई कळसाडीच्या शाळेत अकरा वर्षं खिचडी शिजवत होती आणि तिला उगाच काही बोलायची सवय नव्हती. "पाटील म्हंजे पाटील नही, नटच व्हता," ती हसत म्हणाली, "पन हुबेहूब! ते आठ वाजता 'तिसरी पाळी' लागस ना, तेमा. तो माणूस कारखानामाईन उना, घरमा गया नही, बूट घालीसनच पायरीवर बठना. हात असा गुडघावर. मागे हरभरा देवाले मी तुमना घर उनती ना, तवय पाटील असाच बठेल व्हतात. मी सूनले म्हनं, दख, आमना मॅडमना पाटील!" मंगलाने मीठ बरोबर आहे असं सांगितलं, वहीत सही केली आणि वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिसरीची मुलं मागे कुजबुजत होती. कुणीतरी आपल्या घराची मागची भिंत काढून ठेवली आहे आणि सगळा तालुका रस्त्यावर उभा राहून आत बघतो आहे, असं तिला वाटत होतं. नवल म्हणजे आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक माणूस पायरीवर बसतो, एवढंच. पण ते एवढंच तिने बावीस वर्षांत कुणाला दाखवलं नव्हतं, आईला नाही, मुलींना नाही, आणि ज्याचं होतं त्याला तर मुळीच नाही.

साडेतीनला शाळा सुटेपर्यंत ती थांबली नाही. डोकं दुखतंय असं मुख्याध्यापकांना सांगून ती निघाली. स्कूटीवरून वसाहतीपर्यंत वीस मिनिटं. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या, दुतर्फा वाळलेली पाचटं, आणि हवेत तो वास, मळीचा, गोड आणि आंबट, जो नव्या माणसाला नको होतो आणि जुन्याला येतच नाही. आज तिला तो आला. लग्न होऊन या वसाहतीत आली तेव्हा आठ दिवस तिला जेवण गेलं नव्हतं. नवरा, नवनीत पाटील, तेव्हा साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर होता. खाली ती यंत्रं गरगर फिरायची आणि त्यांचा आवाज असा असायचा, की क्वार्टरच्या खिडकीची काच हंगामभर थरथरायची. पुढे तो वर चढला, पॅनवर गेला, आणि आता तालुक्यात त्याच्यासारखा पॅनमन नाही असं लोक म्हणत. पॅन म्हणजे दोन मजली उंच बंद कढई. आत पाक उकळतो आणि त्यात साखरेचा दाणा कधी धरतो ते ओळखायचं, हे त्याचं काम. एवढं तिला माहीत होतं. हेही लोकांकडूनच.

तो घरी येई साडेचारला, पहिल्या पाळीहून. आधी सायकल, नंतर मोटरसायकल. गाडी उभी करी आणि तीन पायऱ्यांपैकी मधलीवर बसे. पायांत बूट तसेच, दोन्ही पंजे गुडघ्यांवर पालथे. पेपर वाचत नसे, मोबाइल काढत नसे, विडी तर त्याने आयुष्यात ओढली नाही. शेजारून कुणी गेलं तर मान हलवी. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. मग बूट काढी, नळावर पाय धुई आणि आत येऊन अगदी हळू म्हणे, "चहा ठेव." तो नेहमीच हळू बोलायचा. वसाहतीतल्या बायका म्हणायच्या, मंगलाबाई, तुमचं नशीब, आमच्याकडे तर आरडाओरड्याने छप्पर उडतं. मंगला हसायची. परक्या घरी पाहुणा आलेला माणूस जसा बोलतो, पाणी मागतानाही ओशाळतो, तसा तिला तो हळूपणा वाटायचा. या घरात यायला त्याला रोज वीस मिनिटं धीर गोळा करावा लागतो, असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं. आणि तो कधीपासून बसू लागला तेही तिला नेमकं ठाऊक होतं. रोहिणी झाली त्या महिन्यापासून. थोरली रूपाली पाच वर्षांची होती. सासू दवाखान्याच्या बाकावर बसून होती आणि नर्सने बाहेर येऊन सांगितल्यावर सासूने पदराने तोंड पुसलं होतं, जणू काही जेवून उठली. नवनीत आत आला, पाळण्यात बघितलं, काही बोलला नाही. महिना पुरा व्हायच्या आत तो पायरीवर बसायला लागला. मंगलाने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, त्या चपखल बसल्या आणि तिने पुन्हा कधी त्या हलवून पाहिल्या नाहीत. विचारायचं तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी दहा वेळा आलं. पण विचारलं तर तो उत्तर देईल आणि उत्तर आपल्याला माहीत आहे, मग ते त्याच्या तोंडून ऐकून पुढची वर्षं कशी काढायची? न ऐकता निदान चहा तरी ठेवता येतो.

या एप्रिलमध्ये हंगाम संपला की तो निवृत्त होणार होता. मग पाळी नाही, बूट नाहीत, दोघं दिवसभर चार भिंतींत. या विचाराने तिला दिवाळीपासून झोप नीट लागत नव्हती. रोहिणी नाशिकला नोकरीला होती. पंधरा दिवसांपूर्वी मंगलाने आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरला होता. नाशिक. अर्ज मागे घ्यायची मुदत या शुक्रवारपर्यंत होती, आणि मागे घ्यायचा प्रश्नच नव्हता. नवनीतला सांगितलं नव्हतं. ऑर्डर आली की सांगू, असं तिने स्वतःशी म्हटलं होतं. तो हळूच "बरं" म्हणेल, हेही तिला ऐकू आलं होतं.

क्वार्टरचं कुलूप काढून तिने ओट्यावर मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला आणि कालचा भाग लावला. पावणेचार वाजले होते. मालिका तिने आजवर पाहिली नव्हती, मुद्दाम. ती लिहिणारी मुलगी, प्रिस्किला, मागच्या हंगामात महिनाभर गेस्ट हाऊसला राहून गेली होती. नवापूरकडच्या डोंगरातल्या गावची, मुंबईत जाऊन टीव्हीसाठी लिहिणारी. केस आखूड, खांद्याला झोळी, प्रश्न भरपूर. संध्याकाळी मंगलाकडे जेवायला यायची, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा डोळ्यांत पाणी येईतो खायची. "काकू, कारखान्यातल्या लोकांवर पुष्कळ लिहिलंय लोकांनी, संप, युनियन, पगार. पण घरी आल्यावर ते काय करतात, कुणाशी बोलतात, कशाला घाबरतात, हे कोणी दाखवत नाही हो." मंगलाने तिला लोणच्याची कृती सांगितली होती, मुलींचे फोटो दाखवले होते, बाकी काही नाही. पण दोन-तीन संध्याकाळी तिने खिडकीतून पाहिलं होतं, की ती मुलगी नवनीतशेजारी पायरीवर बसली आहे. दोघं समोर बघताहेत. काय सांगत असेल तो तिला? जे मला सांगितलं नाही ते या कालच्या पोरीला? तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती.

पडद्यावर एक वसाहत होती, त्यांच्यापेक्षा जरा मोठी, रंग जास्त उजळ. माणूस आला. नट कोण होता कुणास ठाऊक, दिसायला नवनीतसारखा अजिबात नाही, काळा, जाडसर. पण बसला आणि मंगलाच्या हातातला चमचा ओट्यावर टेकला. पाठीचा तो कणा, किंचित डावीकडे कललेला. पंजे पालथे. आणि डोळे, जे समोरच्या कशाकडेच बघत नाहीत, आतल्या कशाला तरी थांबून ऐकताहेत. हे त्याला कोणी शिकवलं? किती दिवस बसून पाहिलं असेल या माणसाने? ती तर बावीस वर्षं पाहत होती आणि तिला कधी दिसलं नव्हतं, की तो ऐकत असतो. ती समजत होती, तो तोंड फिरवून बसतो.

मग बायको बाहेर आली. हातात अर्धवट सोललेला लसूण, पदर खोचलेला. गोरीगोमटी नटी नव्हती. कपाळावर घाम होता आणि तो खरा वाटत होता. ती दारात थांबली आणि म्हणाली, "का बसता हो बाहेर?"

एवढंच. चार शब्द. रडून नाही, भांडून नाही. बाजारातून मेथी आणली का, असं विचारावं तसं. मंगलाला वाटलं, कुणीतरी आपल्या कानाशी टाळी वाजवली. असं विचारता येतं? इतकं सोपं? माणूस मान वर करून बायकोकडे बघत राहिला, तोंड उघडलं, आणि जाहिरात लागली. साबणाची. फेस, फुलं, एक आनंदी कुटुंब. तीस सेकंद मंगला ओट्याची कड धरून उभी होती आणि साबणवाल्या कुटुंबाकडे अशी पाहत होती जशी ती माणसं तिचा निकाल हातात घेऊन उभी आहेत.

"कानातला कारखाना बंद व्हायला वेळ लागतो गं," तो नट म्हणाला. "तो चालू असताना मी बोललो की माझा मलाच आवाज कळत नाही. मी हळू बोलतो असं मला वाटतं आणि मी ओरडत असतो. तू दचकतेस. मला दिसतं ते. म्हणून इथे बसतो. बंद झाला की येतो आत."

बायको शेजारी बसली आणि लसूण सोलू लागली. पुढे दुसरंच काही सुरू झालं, मुकादम, कुणाची तरी पळून गेलेली बहीण. मंगलाने फोन पालथा घातला. आधी राग आला, आणि तो बरा वाटला, कारण राग ओळखीचा होता. सांगितलं तर त्याने. परक्या पोरीला सांगितलं. आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं, एकटी मी सोडून. तिने प्रिस्किलाचा नंबर लावला.

"काकू! किती दिवसांनी!" तिकडे मागे हॉर्न वाजत होते. "पाहताय ना मालिका?"

"कालचा भाग पाहिला." मंगलाचा आवाज शाळेतला झाला, शुद्ध आणि ताठ. "प्रिस्किला, काकांनी तुला जे सांगितलं ते असं उघड्यावर मांडायच्या आधी तू मला विचारायला हवं होतंस."

मग ती मुलगी हळू म्हणाली, "काकू, काकांनी मला काहीच सांगितलं नाही. खरंच. मी बसायचे त्यांच्याजवळ, पण आम्ही बोलायचो नाही. ते माझे वडील आहेत, त्या मालिकेतले."

ती सांगत गेली. सॅम्युअल, तिचा बाप, सुरतेला कापडाच्या लूमवर होता. पंधरवड्याने शनिवारी गावी यायचा. बसमधून उतरला की घर शंभर पावलांवर, पण तो आधी चर्चच्या ओट्यावर जाऊन बसायचा, तास तास. पोरं धावत गेली तर हाताने परत पाठवायचा. आई सांगायची, बाबा प्रार्थना करताहेत, गडबड करू नका. गावात त्याची मोठा भाविक म्हणून ख्याती झाली. पाद्री त्याचं उदाहरण देत. "मागच्या वर्षी त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं तेव्हा आईने चिठ्ठीवर लिहून विचारलं, आता प्रार्थनेला का बसत नाही? तर हसले. म्हणाले, प्रार्थना कसली, कानातले लूम थांबायची वाट बघायचो. आता सगळंच थांबलं." मग प्रिस्किला म्हणाली, "काकांना पहिल्या दिवशी पायरीवर पाहिलं ना काकू, तेव्हाच मला कळलं. विचारायची गरजच पडली नाही. मला वाटलं, तुम्हाला तर माहीतच असणार."

फोन ठेवल्यावर मंगला स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. राग गेला होता आणि त्याच्या जागी ठेवायला काही मिळत नव्हतं. त्या मुलीने शंभर पावलांवरून बापाला पाहिलं होतं, मोठी होऊन पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग कुठल्या कुठे, एका नटाच्या पाठीच्या कण्यात ते जसंच्या तसं बसवलं. काय ही नजर! भाविक म्हणून हिणवलं नाही, बिचारा म्हणून कुरवाळलं नाही. मंगलाला अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवल्याचा जो एक लहानसा ताठा होता, तो त्या मुलीपुढे आपोआप वाकला.

आणि मग, न बोलावता, ती सकाळ आली. कुठून आली ते तिला समजलं नाही. बाराव्या दिवसाची. खिडकीतून आलेलं कोवळं ऊन, तिच्या पसरलेल्या पायांवर उघडी रोहिणी, तेलाने चकचकीत. नवनीत रात्रपाळी करून आला होता, दाराला आतून कडी होती. आणि दाराबाहेरून आवाज आला होता, "मंगला!" असा, की भिंतीवरचा आरसा हलला. पोरीचे दोन्ही हात हवेत उडाले, बोटं फाकली, तोंड उघडं पडलं आणि त्यातून आवाजच येईना. ओठ निळे. सासूने तोंडावर फुंकर मारली, पाणी शिंपडलं, आणि एका युगानंतर पोर रडली. दारात नवनीत उभा होता, कडी कुणी काढली देव जाणे. त्याचा चेहरा... मंगलाने चेहरा आठवायचा प्रयत्न केला. चेहरा तिने पाहिलाच नव्हता. तिला फक्त वळलेले बूट आठवत होते. पोर निळी पडली आणि बाप बाहेर निघून गेला, अशी ती सकाळ तिने इतकी वर्षं सांभाळली होती. हाक तेवढी गाळली होती.

बाहेर मोटरसायकल थांबली. स्टँड लावल्याचा आवाज. पायरीवर बूट टेकले.

ती दारापर्यंत गेली आणि थबकली. आपण त्या नटीसारख्या उभ्या आहोत असं तिला वाटलं आणि लाज वाटली. तिचे चार शब्द उसने घ्यायचे? मग मंगलाच्या तोंडून तिच्या घरातली भाषा आली.

"तुम्ही आठे काबरं बठतस?"

नवनीतने मान वळवली. कानाला हात लावला. तिने पुन्हा, मोठ्याने विचारलं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या तोंडावर ओशाळं हसू आलं. "टीव्ही दखी का तू बी?" तो म्हणाला. "आज दिवसभर पॅनवर समदा माले हासी ऱ्हायनात. म्हने पाटील, हिरो व्हई गयात. ते मन्हं नही. ते त्या पोरना बापनं शे, मांगेच फोनवर सांगं तिनी. मी तिले काहीच सांगं नही."

"माहीत शे." मंगला उंबऱ्यावर बसली. "मंग तुमनं काय शे ते सांगा."

समोरच्या रस्त्याने एक ट्रॉली गेली, ऊस घसरत, कण्हत. नवनीतने पंजे गुडघ्यांवरून उचलले, एकमेकांत गुंतवले, पुन्हा सोडवले.

"रोहिणी बारा दिननी व्हती," तो म्हणाला, आणि मंगलाने डोळे मिटले. "मी तुले आवाज दिना. माले वाटनं, हळूच दिना. रातभर मशीनजोडे व्हतू, माले काय समजस? दार उघडनं ते पोरना ओठ काळानिळा. माले वाटनं, मारी टाकी मी पोरले. नुसता आवाजवरी मारी टाकी. तवयपासून कान बंद व्हवालोंग मी बाहेरच बठस. आते पॅनवर तितला आवाज नही, पन कान ते खराब व्हई गया. त्यास्ले येळ लागसच."

"माले कधी सांगं नही."

"काय सांगानं? तू ते तठेच व्हती ना." त्याने तिच्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं. "माले वाटनं, तुले माहीत शे."

आता तिची पाळी होती. हे सांगायलाच हवं, नाहीतर सगळं पुन्हा बंद होईल, हे तिला कळत होतं. तिने बोटाने उंबऱ्यावर रेघ ओढली. "माले वाटनं," ती म्हणाली, "दुसरी बी आंडेरच व्हयनी, पोरगा नही व्हयना, म्हनीसन तुमले घरमा यावासं वाटत नही."

नवनीत उठला, दोन पावलं गेला, परत आला. रागावेल असं तिला वाटलं. रागवावं असंही वाटलं. "बावीस वरीस?" तो म्हणाला. "बावीस वरीस तू हाई लिसन चहा देत व्हती माले?" मग खाली बसून तो बुटांच्या नाड्या सोडू लागला, पण गाठी सुटेनात. "तिनं नाव मी ठेवेल शे, मंगला. माय दुसरंच सांगत व्हती. मी म्हनं, नही, रोहिणीच." मंगलाने पुढे होऊन गाठ सोडवली. त्याच्या बुटाला हात लावायची ही पहिलीच वेळ. चामडं उन्हाने आणि वाफेने कडक झालं होतं, शिवणीत साखर साचून काचेसारखी घट्ट झालेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बुटाकडेच पाहिलं.

बदलीचंही तिने त्याच बैठकीत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. विचारलं ते फक्त एवढं, "त्या अर्जमा मन्हं काय व्हतं?" ती खोटं बोलली नाही. काहीच नव्हतं, म्हणाली. त्याने मान हलवली, नळावर गेला आणि पाय धुवायला इतका वेळ लावला, की टाकी रिकामी होईल असं तिला वाटलं. हा माणूस आज जेवणार नाही, असंही वाटलं. पण तो जेवला. दुसरी भाकरी मागून घेतली आणि खाली मान घालून म्हणाला, "तुले जानं व्हई ते जाय. पन माले इचारीसन जाय."

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत तिने अर्ज मागे घेतला. फोनवर आकडे आले, ते टाकले, झालं. उपकार केल्यासारखं वाटू नये म्हणून तिने ते त्याला मुद्दाम भाजी निवडताना सांगितलं. आणि लगेच दुसरं विचारलं. आता विचारायची तिला चटक लागली होती. चार दिवसांत तिने त्याला किती विचारलं असेल! पाक जास्त तापला तर काय होतं, रात्रपाळीत झोप आली तर काय करता, यंत्रावर हात कधी भाजला, कुठला, दाखवा. तो एकेक उत्तर शोधून काढी, जुन्या पेटीतून कपडा काढून झटकावा तसा. "माले तुमनं काम दखनं शे," ती म्हणाली.

वसाहतीत आयुष्य काढूनही बायका कारखान्याच्या आत जात त्या वर्षातून एकदा, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडताना, हळदीकुंकवापुरत्या. नवनीतने साहेबांची परवानगी काढली. रविवारी सकाळी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून मंगला त्याच्या मागोमाग लोखंडी जिना चढली. पायाखालची जाळी थरथरत होती आणि जाळीतून खाली गरगरणारी ती यंत्रं दिसत होती, जिथे तो तरुणपणी उभा असे. आवाज कानांनी ऐकू येत नव्हता, तो दातांत, फासळ्यांत, नखांत शिरत होता. दहा मिनिटांत तिचं डोकं गच्च झालं. इथे आठ आठ तास, पस्तीस हंगाम. आणि या सगळ्यातून उठून हा माणूस घरी येतो आणि हळू बोलतो. तिला वाटलं, वसाहतीतल्या त्या प्रत्येक क्वार्टरच्या दाराशी जाऊन आतल्या माणसाला बघून यावं.

पॅनच्या मजल्यावर त्याची चाल बदलली. घरात दारांना चुकवत वावरणारा नवनीत इथे मधून चालत होता. दोन हेल्पर त्याच्या हाताकडे बघून व्हॉल्व्ह फिरवत होते. बोट वर केलं की वाफ, तळवा पालथा केला की बंद. पॅनच्या पोटात एक लांब दांडा खुपसून त्याने फिरवून बाहेर काढला, टोकाचा तपकिरी पाक काचेच्या तुकड्यावर अंगठ्याने पसरला आणि दिव्यासमोर धरला. एक डोळा मिटून तो बघत राहिला. इतक्या प्रेमाने त्याला कशाकडे बघताना तिने पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल आणि ओळखलं नसेल. मग त्याने काच तिच्या हातात दिली, तिच्या कानाशी वाकला आणि सवयीने हळूच काहीतरी म्हणाला.

"काय?" मंगला ओरडली. "काहीच ऐकू येत नही! मोठा बोला!"

तो घुटमळला. तिच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी निरखून, जसं आत्ता काचेकडे पाहिलं होतं. मग त्याने छाती भरून घेतली.

"हाऊ दाना!" तो ओरडला. "आतेच जलमना! दख, कसा चमकस!"

मोठा आवाज होता त्याचा. खोल, रुंद, एका बांधावरून दुसऱ्या बांधापर्यंत सहज जाणारा, वडिलोपार्जित पाटलाचा. मंगलाने तो कधी ऐकलाच नव्हता. एकदा ऐकला होता, तोही दाराआडून. हेल्पर वळून बघायला लागले. तिने काच दिव्यासमोर धरली. आधी नुसता पिंगट चिकटा दिसला, मग त्यात बारीक टोकं लुकलुकू लागली, एकसारखी, धारदार, आणि त्यांच्यामध्ये पिठासारखं आणखी काही.

"आनि हाई बारीक काय शे?" ती ओरडली.

"तो खोटा दाना! तो बी साखरच शे, पन त्याले ऱ्हाऊ दिधा ते खरा दाना वाढत नही!"

"मंग आते?"

"मंग काय! पानी दिसन धुई टाकना!" आणि हेल्परला हात न करता त्याने स्वतःच पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. नळीतून पाणी शिरल्याची सळसळ लोखंडातून तिच्या तळव्यांपर्यंत आली. त्याने काच पुसून पुन्हा दांडा खुपसला, आणि ती त्याच्या खांद्याला खांदा लावून, पुढचा प्रश्न मोठ्याने विचारायला तोंड उघडून, उभी राहिली.